शिबिराने पुढारी तयार होत नाही: किशोर आणि कॉलेजच्या मुलांना शिष्य करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी

तरुण संघाचा, म्हणजे चर्चमधल्या किशोर-तरुणांच्या गटाचा, पुढारी निवडताना बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) वाद्य वाजवता येतं का, माईकवर धीटपणे बोलता येतं का, हे पाहिलं जातं. मग त्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवतात. तिथे सात-आठ व्याख्यानं होतात, वही भरते, आणि पुढच्या रविवारी त्याच्यासमोर मुलं बसवली जातात. काही महिन्यांत मुलं गळू लागली की कमिटी म्हणते, आजकालच्या मुलांना देवाच्या गोष्टींची गोडी नाही. मला हे पटत नाही. मुलांना गोडी असते. पण पुढाऱ्याने कुणाला शिष्य घडवताना जवळून पाहिलेलंच नसतं, त्याला स्वतःलाही कुणी तसं घडवलेलं नसतं. त्याला येतं ते व्याख्यान देणं, म्हणून तो व्याख्यान देतो.

मार्ककृत शुभवर्तमान प्रशिक्षणाच्या नजरेने वाचलं तर क्रम स्पष्ट दिसतो. ३:१४ मध्ये प्रभू बारा जणांना नेमतो ते आधी त्यांनी आपल्याबरोबर असावं म्हणून आणि मग त्यांना पाठवावं म्हणून. ६:७ मध्ये तो त्यांना दोघादोघांना पाठवतो, एकेकट्याला नाही. ६:३० मध्ये ते परत येऊन काय केलं आणि काय शिकवलं ते सांगतात, आणि पुढच्याच वचनात तो त्यांना विसावा घ्यायला एकांती नेतो. ९:२८ मध्ये ते अपयशाबद्दल विचारतात, तेही घरात गेल्यावर, लोकांच्या गर्दीत नव्हे. सोबत राहणं, जोडीने पाठवणं, परत येऊन सांगणं, विसावा, चुकीची चर्चा खाजगीत. आपल्या बहुतेक प्रशिक्षणांत यातलं एकही नसतं. खाली जे लिहितो आहे ते या पाच गोष्टींना आठवड्याच्या वेळापत्रकात जागा कशी द्यायची एवढंच आहे.

आधी माणसं. एका वेळी सहा ते आठ जण पुरेत. त्याहून जास्त घेतले की प्रत्येकाचं काम प्रत्यक्ष पाहणं प्रशिक्षकाला जमत नाही, आणि मग ते पुन्हा व्याख्यान होतं. यात निदान निम्म्या स्त्रिया असाव्यात, कारण मुलींचा गट स्त्रीनेच चालवायचा. सगळे पुढारी पंचविशीच्या आतले असावेत हा समज सोडून द्यावा. चाळिशी-पन्नाशीतलं, स्वतःच्या घरात मुलं वाढवलेलं जोडपं किशोरांबरोबर फार चांगलं काम करतं. अट अशी की त्यांना ऐकता आलं पाहिजे. मंडळीत किमान एक वर्ष नियमित असलेली व्यक्ती, तिला ओळखणाऱ्या दोघांची खात्री, आणि पहिले तीन महिने फक्त सहायक म्हणून काम, एवढी चाळणी आवश्यक आहे. उत्साही माणूस महिन्याभरापूर्वी मंडळीत आला आणि लगेच मुलांचा गट मागू लागला, तर त्याला प्रेमाने थांबवावं. थांबायला तयार नसेल तर गट देऊच नये.

मुदत दहा ते बारा महिने. महिन्यातून दोनदा दोन तासांची बैठक, आणि मधल्या आठवड्यांत प्रत्येकाचं प्रत्यक्ष काम. बैठकीचे १२० मिनिटं असे वाटावेत: २५ मिनिटं मागच्या पंधरवड्याचा अहवाल, ३० मिनिटं एक उतारा स्वतःसाठी वाचणं, ४० मिनिटं सराव, १५ मिनिटं एखादा अवघड प्रसंग, आणि १० मिनिटं एकमेकांसाठी प्रार्थना. पहिली गोष्ट लांबते आणि सरावाचा वेळ खाते, हे हमखास होतं. म्हणून अहवालाला तीनच प्रश्न ठेवावेत: कुणाला भेटलात, काय ऐकलंत, कुठे अडलात. उतारा वाचताना तो शिकवण्याच्या तयारीसाठी वाचायचा नाही, हे वारंवार सांगावं लागतं. पुढारी वचनाकडे फक्त संदेशाचं साहित्य म्हणून पाहू लागला की वर्षभरात तो आतून कोरडा पडतो, आणि किशोरांना ते मोठ्यांच्या आधी कळतं.

सराव तिघांच्या गटात करावा. एक जण पुढारी, एक जण पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि तिसरा निरीक्षक. सात मिनिटं संभाषण, तीन मिनिटं निरीक्षकाचं बोलणं, मग भूमिका बदलायच्या. तीन फेऱ्यांत अर्धा तास जातो, उरलेली दहा मिनिटं सर्वांनी मिळून काय आढळलं ते बोलावं. निरीक्षकाने "छान झालं" म्हणायचं नाही. त्याने फक्त मोजायचं: पुढारी किती वेळ बोलला, किती प्रश्न विचारले, त्यांतले किती "हो-नाही" उत्तराचे होते, आणि मुलाचं वाक्य मध्येच किती वेळा तोडलं. पहिल्या सरावात बहुतेकांचं स्वतःचं बोलणं निम्म्याहून जास्त निघतं. आकडा समोर आला की समजावून सांगावं लागत नाही.

शांततेचा सरावही मुद्दाम करून घ्यावा. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजायचे आणि गप्प राहायचं. नवख्या पुढाऱ्याला ती शांतता सहन होत नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतो. दोन-तीन वेळा असं झालं की मुलांना कळतं की इथे थांबलं तरी चालतं, उत्तर आपोआप येतं. मग गट कायमचा गप्प होतो आणि पुढारी म्हणतो, ही मुलं बोलतच नाहीत.

वचन एकत्र वाचण्याची रीत साधी ठेवावी: काय लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय, आणि या आठवड्यात मी काय करणार. नवख्याची चूक पहिल्या पायरीवरच होते. तो लगेच तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि प्रत्येक उताऱ्याचं उत्तर "प्रार्थना करा, आज्ञा पाळा, वाईट संगत सोडा" असं एकच निघतं. उदाहरण म्हणून मार्क ४:३५-४१, वादळ शांत करण्याचा प्रसंग घ्या. "येशूवर विश्वास ठेवावा का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. "शिष्यांची सर्वांत मोठी भीती कधीची आहे, वादळ चालू असतानाची की ते शमल्यानंतरची?" असं विचारा. मुलं पुन्हा पानाकडे बघतात. ४१ व्या वचनात, सगळं निवांत झाल्यावर, ते अतिशय घाबरले असं लिहिलेलं सापडतं आणि मग "का?" हे त्यांचं तेच विचारतात. "आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही का" हे ३८ व्या वचनातलं बोलणं तुम्ही स्वतः कधी देवाला म्हणाला आहात का, हा प्रश्न त्यानंतर यावा. आधी विचारला तर मुलं लाजतात. प्रत्येक पुढाऱ्याने दर उताऱ्यासाठी असे चार प्रश्न लिहून आणावेत आणि बैठकीत ते एकमेकांवर तपासून पाहावेत. दहा प्रश्न आणले तर घाई होते.

पुस्तकांची निवड अशी: पहिल्या फेरीला मार्क, १६ अध्याय, दर आठवड्याला एका अध्यायातला एक प्रसंग. नंतर फिलिप्पैकरांस पत्र किंवा याकोबाचं पत्र, दोन्ही छोटी आहेत. कॉलेजच्या गटाला त्यानंतर बायबलमधलं उपदेशक हे पुस्तक किंवा रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय द्यावा. प्रकटीकरणाने सुरुवात करू नये, मुलांनी कितीही आग्रह केला तरी. त्यांना तिथे शेवटच्या काळाच्या तारखा हव्या असतात.

बारा ते बावीस वर्षांच्या मुलांना एकाच खोलीत बसवून "तरुण संघ" म्हणणं हीसुद्धा मोठी अडचण आहे. बारा-चौदाच्या मुलाला हालचाल लागते, ठोस गोष्टी लागतात. त्याच्याशी ४५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसून बोलू नये, आणि बोलणं काहीतरी हाताने करता करता झालं तर उत्तम. पंधरा-सतराच्या वयात मित्र काय म्हणतील हे सगळ्यात मोठं असतं. इथे तीन-चार जणांचा छोटा गट लागतो, कारण बारा जणांत कुणी खरं बोलत नाही. अठरानंतर प्रश्न बदलतात: काय शिकू, कुणाशी लग्न करू, आईवडिलांचा विश्वास माझा आहे का. या वयाला गटाइतकीच एकेकट्याची भेट महत्त्वाची, महिन्यातून एकदा, तासभर, उघड्या ठिकाणी. धोका पत्करण्याकडे आणि क्षणाच्या भरात निर्णय घेण्याकडे या वयाचा कल असतो, आणि विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. म्हणून मुलगा चुकला की "एवढं शिकवूनही?" असं म्हणू नये. पेत्राला तर स्वतः प्रभूने तीन वर्षं शिकवलं होतं, तरी त्याने प्रभूला नाकारलंच.

शंकांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच चांगली मुलं सगळ्यात जास्त दूर जातात. मुलगी विचारते, "आजीसाठी एवढी प्रार्थना केली, तरी ती का गेली?" घाबरलेला पुढारी लगेच उत्तर देतो: देवाची योजना होती. उत्तर खोटं नसेलही, पण ते मुलीला गप्प करतं. प्रशिक्षणात तीन वाक्यं पाठ होईपर्यंत घोटून घ्यावीत. पहिलं, "हा प्रश्न मनात केव्हापासून आहे?" दुसरं, "तो विचारावा असं आज का वाटलं?" तिसरं, "मला याचं उत्तर नीट ठाऊक नाही, मी शोधतो आणि पुढच्या भेटीत बोलतो." आणि मग पुढच्या भेटीत खरोखर बोलायचं. तिसरं वाक्य म्हणून विसरून जाणं हे चुकीचं उत्तर देण्यापेक्षा वाईट आहे. विज्ञानाच्या प्रश्नाला मंडळीतल्या विज्ञान शिकलेल्या विश्वासी व्यक्तीकडे न्यावं, सगळं आपणच सांगितलं पाहिजे असं नाही. वचनातही शंका झाकलेली नाही. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून निरोप पाठवून विचारतो की येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी, आणि प्रभू त्याला झिडकारत नाही (मत्तय ११). स्तोत्र ८८ अंधारातच संपतं. आणि योहान २० मध्ये प्रभू पुन्हा उठला यावर विश्वास ठेवणार नाही असं थोमाने म्हटल्यावरही आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात आहे. त्यांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं. गटाचं यश मोजायचं तर शंका बोलून दाखवणारा मुलगा पुढच्या आठवड्यात परत येतो का, हे पाहावं.

आता सुरक्षिततेचे नियम. यावर पूर्ण एक बैठक द्यावी आणि ती पहिल्या महिन्यातच व्हावी. अल्पवयीन मुलांबरोबर नेहमी दोन प्रौढ, आणि ते दोघे नवरा-बायको किंवा भाऊ-बहीण असतील तर शक्यतो तिसरं कुणी. बंद दाराआड भेट नाही. गाडीतून एकट्या मुलाला किंवा मुलीला सोडायला जायचं नाही. मेसेज करायचे तर ज्या ग्रुपमध्ये दुसरा पुढारी आहे तिथेच, रात्री नऊनंतर नाही, आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज कधीच नाहीत. पालकांना हे नियम छापील द्यावेत आणि सहलीला, मुक्कामाला लेखी परवानगी घ्यावी. "आपली मंडळी कुटुंबासारखी आहे, इथे नियम कशाला" असं कुणीतरी म्हणतंच. नियम मुलांसाठी आहेत, आणि निर्दोष पुढाऱ्याचंही त्यांनीच रक्षण होतं.

मुलाने छळाबद्दल किंवा अत्याचाराबद्दल सांगितलं तर काय करायचं, हे पुढाऱ्याला झोपेतही सांगता आलं पाहिजे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन" एवढंच म्हणायचं. खोदून विचारायचं नाही. मुलाचे स्वतःचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवायचे, तारीख-वेळेसह. मंडळीने नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवायचं आणि कायद्याप्रमाणे जिथे कळवायला हवं तिथे कळवायचं. ज्याचं नाव आलं त्याला विचारायला जायचं नाही, तो पाळक असो वा वडीलजन. "आधी क्षमा कर" असं त्या मुलाला मुळीच सांगायचं नाही. आणि कुणी जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोललं तर सरळ विचारायचं: "जीव देण्याचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सामील करायचं. प्रार्थना जरूर करावी, पण ती डॉक्टरऐवजी नव्हे.

शिबिरं वाईट नाहीत, पण शेवटच्या रात्री घेतलेला प्रभूच्या मागे जाण्याचा निर्णय हा आरंभ मानावा. झोप अपुरी, संगीत मोठं, सगळे मित्र पुढे गेलेले, अशा वेळी हात वर होतातच. किशोरांना रात्री आठ ते दहा तासांची झोप लागते. आवाहन सकाळच्या सत्रात ठेवून पाहावं, उभे राहणारे कमी असतात पण टिकतात. परतल्यावर सात दिवसांच्या आत प्रत्येकाची भेट झालीच पाहिजे, आणि ती कुणी घ्यायची हे शिबिराला निघण्यापूर्वीच कागदावर असावं.

पालक. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात ६:७ मध्ये मुलांना शिकवण्याची जबाबदारी घराला दिली आहे, तरुण संघाला नाही. पुढाऱ्याने दर तीन महिन्यांनी एकदा तरी प्रत्येक घरी जावं, तक्रार घेऊन नव्हे. पालक विश्वासात नसतील किंवा मुलाच्या येण्याला विरोध करत असतील, तर अल्पवयीन मुलाला त्यांच्यापासून लपवून बोलावू नये.

छोट्या गटाची पद्धत नवी नाही. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. साधारण बारा जणांमागे एक पुढारी नेमून त्याने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी असं ठरलं. पैसे मागायला दारोदार जाताना पुढाऱ्यांना लोकांची खरी आत्मिक स्थिती कळू लागली, आणि कर्जासाठी केलेली ती व्यवस्थाच मेथॉडिस्ट मंडळीच्या शिष्यत्वाचा कणा झाली. बारा जण आणि दर आठवड्याला समोरासमोर भेट, हे प्रमाण आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. किशोरांसाठी मात्र मी एका पुढाऱ्यामागे चारच म्हणेन.

मुलांच्या हाती काम देणं हा प्रशिक्षणाचा असा भाग आहे जो वेळ संपला म्हणून राहून जातो. पुढारी करतो आणि मुलगा पाहतो. दोघे मिळून करतात. मुलगा करतो आणि पुढारी शेजारी बसतो. मुलगा करतो आणि नंतर येऊन सांगतो. या चार पायऱ्या प्रत्येक कामाला लावाव्यात: गटात उतारा वाचून दाखवणं, चार प्रश्न विचारणं, आजारी माणसाला भेटायला जाणं, नव्या मुलाला सोबत घेणं. तिसरी पायरी गाळली जाते. पुढारी एकदा करून दाखवतो, मग एकदम सोपवून मोकळा होतो, काम फसतं, आणि "अजून तयार नाही" असा शेरा मारून काम परत घेतो. चूक झाली तर ती सांगण्याची रीत प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांच्याकडून घ्यावी: त्यांनी अपुल्लो नावाच्या वक्त्याला सभास्थानात सर्वांसमोर अडवलं नाही, जवळ बोलावून घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). गाणारी मुलं पुढे आणि न गाणारी मागे असं होऊ देऊ नये. शांत मुलाला काम सापडलं नाही तर तो मंडळीचा प्रेक्षकच राहतो.

कमिटीने दोन गोष्टी कराव्यात. ज्याला मुलांचा गट दिला त्याच्याकडची निदान एक जबाबदारी कमी करावी. तोच खजिनदार, तोच गायनात, तोच सजावटीत, असं असेल तर गट बळी जातो. आणि अहवालात हजेरीचा आकडा मागू नये. किती मुलांना मंडळीतले निदान तीन प्रौढ नावाने ओळखतात, किती मुलं स्वतःहून वचन वाचतात, किती जण दुसऱ्या कुणाला सोबत घेतात, हे विचारावं. परीक्षेच्या दिवसांत गट बंद करू नये, अर्ध्या तासावर आणावा: एक छोटं स्तोत्र, प्रत्येकाची एक विनंती, प्रार्थना, आणि घरी. बंद केला की परीक्षा संपल्यावर निम्मी मुलं परत येत नाहीत.

शाळा संपवून मूल कॉलेजसाठी दुसऱ्या गावी जातं तेव्हा सर्वांत मोठी गळती होते, आणि ती अडवता येते. तयारी जाण्यापूर्वी दोन महिने सुरू करावी. त्या गावातल्या दोन-तीन मंडळ्या किंवा विद्यार्थी प्रार्थना गट शोधून त्यांच्याशी पुढाऱ्याने स्वतः बोलावं. मुलाला नुसता पत्ता दिला तर तो जात नाही. तिथल्या एका माणसाचं नाव आणि नंबर मुलाकडे, मुलाचा नंबर त्याच्या परवानगीने त्या माणसाकडे. मुलाची ओळख करून देणारं पाळकाचं पत्र सोबत द्यावं. निघण्याआधी तीन गोष्टींवर मोकळं बोलणं व्हावं: पहिल्या रविवारी कुठे जाणार, खोलीतल्या सोबत्यांना आपला विश्वास कसा सांगणार, आणि चूक घडली तर कुणाला फोन करणार. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एक फोन करावा, कारण नव्या ठिकाणच्या सवयी त्याच काळात बसतात. फोनवर "उपासनेला गेलास का?" हा पहिला प्रश्न नसावा. आधी जेवण, खोली, मित्र विचारावेत. उपासनेचं तो स्वतः सांगेल, नाही सांगितलं तर शेवटी विचारावं. सुट्टीत घरी आला की त्याला पाहुणा समजू नये, लहान गटात एक उतारा चालवायला द्यावा. आणि नव्या गावात त्याला चांगली मंडळी मिळाली, तिथे त्याने सेवा सुरू केली, की आपल्या यादीतलं त्याचं नाव आनंदाने त्यांच्याकडे सोपवून तिथल्या पाळकांना तसं लिहून कळवावं.